हबचा डबा

लग्नाचा सीझन संपला की मी सामानाची बॅग आवरायला बसते आणि दर वेळी तेच होतं. एक वायर ओढली की तिच्याबरोबर तीन येतात, आणि प्रत्येक वायरीला कुठलंतरी लग्न गुंतलेलं असतं. ही पिवळी चिकटपट्टी रावेरची. ही वाकलेली पिन यावलची. मग मी किरणला फोन लावते, "अरे, ते ताट आठवतंय का?" आणि बॅग आठवडाभर हॉलमध्ये तशीच उघडी पडून राहते. एका जागी स्वस्थ बसून एखादं काम पुरं करणं माझ्या स्वभावात नाही. घरच्यांनी त्यावर बोलणंही आता सोडून दिलंय.

आधी माणसं सांगते, म्हणजे गोंधळ नको. धुळ्यात नानांचा फोटो स्टुडिओ आहे. नाना साठी ओलांडलेले, उभं आयुष्य लग्नाचे फोटो काढण्यात गेलेलं. हल्ली आम्ही लग्नं लाईव्ह दाखवतो. ज्यांना येणं जमत नाही त्यांनी घरी मोबाईलवर बघायचं. किरण कॅमेऱ्यावर, मी मनीषा, लॅपटॉपवर. आणि चौथ्या आमच्या अक्का, नानांच्या मिसेस. अक्का कुठल्याच लग्नाला येत नाहीत. मणक्याच्या ऑपरेशननंतर त्यांना दहा मिनिटांच्या वर बसवत नाही आणि गाडीचा धक्का तर अजिबात चालत नाही. घराच्या दुसऱ्या मजल्यावर खाटेवर पडून त्या आमचं प्रत्येक लग्न पहिल्यापासून शेवटपर्यंत बघतात. कुणाचंही असो! आणि काही बिघडलं की पहिला फोन त्यांचा.

बिघडतं काय? तर एकच. आमच्या लॅपटॉपला वायर लावायची जागा दोनच, त्यातली एक किरणने पेन ड्राइव्ह उलटा कोंबून कायमची बंद केलीय. लावायचं मात्र असतं ढीगभर: दोन कॅमेरे, आवाजाचं मशीन, इंटरनेटचा डोंगल, माउस. म्हणून मध्ये हब लावायचा, म्हणजे एका जागेच्या सात जागा करणारी पट्टी. तिच्यावर एक बारीक लाल दिवा आहे. लग्नात लोक नवरीकडे बघतात, मी त्या दिव्याकडे बघते.

*

सुरुवातीला आमच्याकडे साधा हब होता. बोटाएवढा. त्याला स्वतःची वीज नव्हती, लॅपटॉप देईल तेवढ्यावर जगायचं. एक कॅमेरा लावला तर चालायचा, दुसरा लावला की मान टाकायचा. हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं!

धुळ्यातलंच लग्न. नवरदेव स्टेजवर येऊन बसला, मी दुसरा कॅमेरा चालू केला, आणि दोन मिनिटांत नानांचा फोन वाजला. पलीकडून अक्का ओरडत होत्या, "अहो, नवरदेव थांबी गया!"

त्यांच्या मोबाईलवर चित्र गोठलं होतं. पण नानांना ते कुठे ठाऊक? त्यांचा चेहराच उतरला. "थांबी गया? कोठे थांबी गया? कशाले थांबी गया?" फोन तसाच हातात धरून ते तडक नवरीच्या वडिलांकडे गेले आणि कानात म्हणाले, "जरा बघा, नवरदेवाकडचं काहीतरी बिनसलंय."

नवरीचे वडील घाईघाईने व्याह्यांसमोर जाऊन हात जोडून उभे राहिले. "आमचं काही चुकलं का?" व्याह्यांना वाटलं आपलंच काही चुकलं असणार, म्हणून त्यांनीही हात जोडले. "नाही हो, आमचंच काही असेल तर सांगा." मग मामा आले, काका आले. पाच-सात जण एकमेकांना हात जोडून उभे, आणि कोणालाच माहीत नाही कशासाठी!

शेवटी कोणीतरी नवरदेवालाच विचारलं, "भाऊ, तुम्ही का थांबले?"

तो बिचारा पेढा खात होता. म्हणाला, "मी कुठे थांबलो? मी तर बसलोय!"

*

दुसऱ्याच दिवशी नाना आणि मी जळगावला गेलो. तिथे एका शेठचं कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान आहे. मी सगळं सांगायला सुरुवात केली तर शेठने हात वर करून मला थांबवलं. "ताई, तुमच्या हबला काही झालेलं नाही. तो उपाशी आहे."

"उपाशी?"

"एका माणसाचं जेवण, त्यात सहा जण वाढले. काय होणार? पावरवाला हब घ्या."

नानांना हा शब्द आवडला नाही. आमच्याकडे पावरवाला म्हणजे ज्याची तालुक्यात ओळख असते तो. "माले पावरवाला नको," नाना म्हणाले. "माले साधा, सरळ, काम करणारा पाहिजे."

शेठने डोक्याला हात लावला. मग एक काळी पट्टी काढली, तिच्यामागे काळा चौकोनी अडॅप्टर. एक टोक भिंतीतल्या बोर्डात, दुसऱ्या टोकाची गोल पिन हबमध्ये. "बघा नानासाहेब, हा लॅपटॉपच्या घरात राहील, पण लॅपटॉपचं खाणार नाही. याची वीज याला बोर्डातून वेगळी येते."

नानांचा चेहरा एकदम खुलला. "असं सांगा ना! ऱ्हास लोकना घर, पण डबा सोतानाच आणस!"

राहतो लोकांच्या घरी, पण जेवणाचा डबा स्वतःचाच आणतो! त्या दिवसापासून आमच्यात अडॅप्टरला कोणी अडॅप्टर म्हणत नाही. डबा! डबा लागला का? डबा गरम झालाय. डबा ढिला आहे. आणि चित्र अडकलं की हब उपाशी. आपल्या भाषेत बोललं की यंत्रही आपलंसं वाटतं. पण आपली भाषा दुसऱ्याच्या कानावर पडली की काय होतं, ते रावेरला कळलं.

*

रावेरचं लग्न केळीच्या बागेला लागून, मोकळ्या शेतात. मांडव एवढा मोठा की स्टेज आणि माझं टेबल यांच्यामध्ये एक ट्रॅक्टर सहज फिरला असता. मंगलाष्टकांना दहा मिनिटं उरली असतील आणि हबचा दिवा गेला. बोर्डाची वायर लांब कुठेतरी जनरेटरपर्यंत गेलेली, आणि त्या वायरीवर किरणला नजर ठेवायला सांगितलेलं.

मी टेबलावर चढून ओरडले, "किरण! हब उपाशी आहे! डबा लाव!"

बँडचा आवाज एवढा की किरणला काही ऐकूच गेलं नाही. ऐकलं ते नवरीच्या काकांनी. पांढरे कपडे, खांद्यावर उपरणं, अतिशय सज्जन माणूस. ते जागच्या जागी थांबले.

"आमच्या मांडवात अन् उपाशी? कोन व्हय तो हब?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण ते निघालेसुद्धा. मी जनरेटरकडे पळाले, कोणाच्या तरी पायाने प्लग निघाला होता तो लावला, पळत परत आले. तोवर माझ्या टेबलावर चार ताटं येऊन बसली होती. वरण, तुपात बुडालेल्या बट्ट्या, घोटलेली वांग्याची भाजी, बुंदी. लॅपटॉपला जागाच नाही! माउस हलवायचा तर भाजीत हात.

"काका, आम्ही तिघंच आहोत," मी म्हटलं.

"तिघं तुम्ही, अन् चौथा तो हब," काका म्हणाले, आणि इकडे तिकडे शोधायला लागले. "गेला कुठी तो? सकाळपासून उपाशी म्हने, त्याले पहिले बसवा!"

किरणने आजपर्यंत आयुष्यात एकच गोष्ट वेळेवर केली असेल तर ती ही. तो पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "मीच हब." स्वतःचं आणि हबचं, दोन्ही ताटं संपवली.

*

अक्कांचं डोळ्यांचं काम विलक्षण आहे. पडून पडून माणूस काय काय बघायला शिकतो! एरंडोलच्या बाजूला एका लग्नात करवल्यांनी नवरदेवाचे बूट लपवले. नवरदेवाच्या भावांनी मांडव पालथा घातला, बूट काही सापडेनात. तेवढ्यात नानांचा फोन वाजला. अक्का.

"अहो, बूट स्टेजना मांगे त्या मोठ्ठ्या कुंडीमा शेतस. माले दोन नंबरना कॅमेरामा दिसनं."

नानांना कोणाची बाजू घेऊ नये एवढंही भान राहिलं नाही. त्यांनी भर मांडवात जाहीर करून टाकलं, "कुंडीत बघा!" नवरदेवाकडचे जिंकले. करवल्या आमच्याकडे अशा बघायला लागल्या की मी लॅपटॉपच्या मागे लपले.

पाच मिनिटांनी लाल दिवा गेला. बघते तर बोर्डात डबा नाही. डबाच नाही! वायरीसकट गायब. आणि फोन वाजला.

"मनीषा, थांबी गयं वं!"

"अक्का," मी म्हटलं, "तुमच्यामुळेच थांबलंय!"

डबा त्याच कुंडीत होता.

*

जामनेरला मात्र चूक सरळ सरळ माझी. मे महिना, मांडवात बसवत नव्हतं. हबमध्ये दोन जागा रिकाम्या होत्या, आणि रिकामी जागा मला बघवत नाही. एकीत मी छोटा पंखा लावला. दुसरीकडे बघत असतानाच गुरुजी आले. तरुण गुरुजी, अतिशय गोड गळा.

"ताई, जरा मोबाईल लावता का? दोन टक्के राहिलाय."

लावला. गुरुजी गेले नाहीत, तिथेच उभे. मला कळेना. मग कळलं, मंगलाष्टकं मोबाईलमध्ये होती! दोन्हीकडच्या आजोबांची, पणजोबांची, कुलदैवतांची नावं घालून खास रचलेली, आणि पाठ केलेली नव्हती.

मुहूर्त झाला. गुरुजींनी मोबाईल काढला की तो बंद. लावला की कॅमेरा अडकतो. पंखा मी कधीच उपटून फेकला होता, पण मोबाईल एकटाच सगळं खाऊन टाकत होता. काढला तर लग्न थांबेल, ठेवला तर लाईव्ह थांबेल. मी काढला, लावला, काढला, लावला. स्टेजवरून गुरुजींचा सहायक हातवारे करतोय, नवरीचे मामा घड्याळ दाखवताहेत, आणि माझे हात थांबायला तयार नाहीत.

शेवटी नानांनी लॅपटॉपचीच चार्जिंगची वायर काढली आणि बोर्डातल्या त्या जागेवर गुरुजींच्या चार्जरला बसवलं. लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर, हब त्याच्या डब्यावर, गुरुजी त्यांच्या चार्जरवर. सगळ्यांची सोय झाली! फक्त चार्जरची वायर हातभर लांब.

म्हणून त्या लग्नात गुरुजी स्टेजवर गेले नाहीत. स्टेजवरचे पाट, अंतरपाट, दोन्ही मामा, नवरा-नवरी, सगळं माझ्या टेबलापाशी आलं. नवरदेवाने लग्नभर माझ्याकडे बघितलं नाही. नवरीने मात्र हळूच विचारलं, "ताई, यात मी बरी दिसतेय ना?"

*

यावलचा किस्सा मी हसत सांगू शकत नाही, पण सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही.

नवरीला एकच भाऊ. फौजेत, लांब कुठेतरी सीमेवर. सुट्टी मिळाली नव्हती. त्याने आदल्या दिवशी मला फोन करून तीनदा विचारलं होतं, "ताई, दिसेल ना? नक्की?" मी म्हटलं, नक्की.

अंतरपाट धरला, पहिलं मंगलाष्टक झालं, आणि लाल दिवा गेला. मी बोर्डाकडे धावले. एक पाहुणे निवांत उभे होते, हातात मोबाईल, डब्याच्या जागी त्यांचा चार्जर. "दोनच मिनिटं, ताई. बॅटरी पार मेली होती."

दोनच मिनिटं! मी डबा लावला, धावत आले, कॅमेरे पुन्हा जोडले. एकेक करून ते उठेपर्यंत अक्षता पडून गेल्या होत्या. भावाला दिसली ती थेट जेवणाच्या पंगतीकडे निघालेली माणसं. त्याचा फोन आला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "ताई, झालं का लग्न?"

मी त्या पाहुण्यांना काय काय बोलले ते आठवत नाही. नाना मध्ये पडले म्हणून थांबले. धुळ्याला पोचलो तर अक्का जाग्याच होत्या. त्यांनी नानांना एवढंच ऐकवलं, "ज्याले येता उनं नही, त्याले तेच लगीन ऱ्हास. तुमना डबाकडे कोणी ध्यान देस का नही?"

ज्याला येता आलं नाही त्याचं लग्न तेवढंच, आम्ही दाखवतो ते. पुढच्या लग्नापासून नाना बोर्डापाशी खुर्ची टाकून बसायला लागले. बोर्ड नेहमी मागे, भिंतीला. त्यामुळे नानांची पाठ स्टेजकडे. कोणी चार्जर घेऊन आलं की नाना नुसते मान हलवतात. ज्या माणसाने शेकड्यांनी लग्नांचे फोटो काढले, त्याने तेव्हापासून एकाही लग्नात अक्षता पडताना पाहिलेल्या नाहीत.

*

आणि मग स्वातीचं ठरलं. स्वाती म्हणजे नाना-अक्कांची एकुलती एक. मुलगा जामनेरचा. धुळ्यात त्या मुहूर्ताला एकही कार्यालय रिकामं नव्हतं म्हणून जळगावचं घेतलं. अक्कांच्या बाबतीत तसा फरक काहीच नव्हता. धुळ्यातलं कार्यालय काय, जळगावचं काय, त्या खाली उतरणारच नव्हत्या. लेकीचं लग्न त्यांना दिसणार ते हबमधून.

नाना महिनाभर जागेवर नव्हते. तीनदा जळगावला जाऊन कार्यालयाचे सगळे बोर्ड तपासून आले. यूपीएस आणला. सुताराकडून बोर्डाला झाकणारी लाकडी पेटी करून घेतली, तिला कुलूप, आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात! दुसरा नवा हब आणून बॅगेत ठेवला. मला रोज फोन. "मनीषा, डबा गरम व्हस का?" मी आपली रोज पिन काढून बघायची, पुन्हा लावायची. माझ्याही जिवाला चैन नव्हतंच.

लग्नाच्या आदल्या दिवशी उरलेलं सामान घ्यायला नानांच्या घरी गेले तेव्हा अक्कांनी आम्हा दोघांना खाटेपाशी बोलावलं. नानांना म्हणाल्या, "उद्या तुम्ही बोर्डजोडे बसानं नही."

"नही बसाऊ. कुलूप लावेल शे."

"पोरना बाजूले उभं ऱ्हावानं. पोर अन् तुम्ही, दोन्ही माले एक फ्रेममा दिसाले पाहिजेत."

"बरं."

"बरं नही. मनीषासमोर सांगा."

नानांनी माझ्यासमोर सांगितलं. मी किरणला फोन लावून निरोप दिला: एक नंबरचा कॅमेरा अजिबात हलवायचा नाही, मध्ये स्वाती, उजवीकडे नाना.

दुसऱ्या दिवशी सगळं छान होतं. इतकं छान की मला काही सुचत नव्हतं. पेटीला कुलूप, यूपीएस चालू, लाल दिवा स्थिर. नाना फेटा बांधून स्वातीच्या उजव्या बाजूला उभे, मागे मामा. अंतरपाट धरला. आणि गुरुजींनी सुरुवात केली तसा लाल दिवा लुकलुकला.

मी बोर्डाकडे बघितलं. कुलूप जागेवर. यूपीएस चालू. मग टेबलाखाली बघितलं, या वेळी हब तिथल्या फळीवर ठेवला होता. वीज बोर्डातून येत होती, हबपर्यंत पोचतही होती, पण हबमध्ये जाणारी ती गोल पिन ढिली झाली होती. इतकी लग्नं मी तिला हात लावलेला! काढ, लाव, हलवून बघ. महिनाभर तर रोज. माझ्या बोटांनी ती जागा झिजवली होती.

पिनवर बोट दाबलं की दिवा स्थिर, सोडलं की लुकलुक. चिकटपट्टी लावली, निघाली. रबर बांधलं, सरकलं. बॅगेत नवा हब होता, पण तो लावायचा तर सगळ्या वायरी काढून पुन्हा लावायच्या. दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांचं काय होतं ते मी यावलला बघितलं होतं. आणि माझे दोन्ही हात गुंतलेले, एक माउसवर, एक आवाजावर. मी वाकून कोपराने पिन दाबायला लागले. मला रडू यायला लागलं होतं, ते खोटं कशाला सांगू.

नाना कधी आले कळलंच नाही. टेबलाखाली शिरून मांडी घालून बसले. फेटा टेबलाच्या कडेला लागून तिरका झाला. त्यांनी माझं कोपर बाजूला केलं आणि अंगठ्याने पिन दाबून धरली. दिवा स्थिर झाला.

"नाना, तुम्ही जा!" मी दबक्या आवाजात म्हटलं. "दुसऱ्या कोणाला तरी बोलवा!"

"दुसरा हालवी देई. तू तुन्हा बटनं दाब."

"अक्कांना तुम्ही दिसायला हवे आहात!"

"तिले पोर दिसाले पाहिजे," नाना म्हणाले, आणि विषय संपला.

समोरून किरण हात हलवून विचारत होता, नाना कुठे? त्याने कॅमेरा हलवला नाही. सांगितलंच तसं होतं. चित्रात मध्ये स्वाती, आणि उजवीकडे एका माणसाची रिकामी जागा. दुसरं मंगलाष्टक झालं, तिसरं झालं. टेबलाला लावलेला कपडा खालपर्यंत आलेला, त्यामुळे नानांना ना स्टेज दिसत होतं ना लॅपटॉप. फक्त दिवा.

"आते काय चालू शे?" खालून आवाज आला.

"चौथं. स्वातीने मान खाली घातलीय."

"रडस का?"

"नाही."

"रडनी ते सांगजो."

पाचवं झालं. स्वातीने एकदा उजवीकडे बघितलं, मग मागे मामांकडे. मी ते नानांना सांगितलं नाही. शेवटच्या 'सावधान'ला अंतरपाट निघाला, अक्षतांचा पाऊस पडला आणि माझ्या कीबोर्डवर तांदूळच तांदूळ. "हार घातला, नाना. स्वातीने घातला. आता त्याने घातला." बँड सुरू झाला. लाल दिवा एकदाही हलला नाही.

मग मी घाईघाईने गर्दीचं एक चित्र लावून ठेवलं आणि नानांना म्हटलं, सोडा आता. ते बाहेर आले. अंगठ्यावर पिनेचा गोल वळ उठला होता, लालभडक. ते फेटा सारखा करत असतानाच माझा फोन वाजला. अक्कांचा व्हिडिओ कॉल. मी फोन नानांच्या समोर धरला.

अक्का रडून मोकळ्या झालेल्या दिसत होत्या. उशीवर डोकं, नवी साडी नेसलेली, कपाळाला अक्षता. शेजारणीने टाकल्या असतील.

"बठ्ठं लगीन दिसनं, स्वातीना बाप," अक्का म्हणाल्या. "एक डाव बी थांबनं नही."

"बरं व्हयनं."

"तुम्हीच तेवढा दिसनात नही. कोठे व्हतात?"

नाना अंगठा चोळत होते.

"तुन्हापाशीच व्हतू."